आधी उजवी बाजू

एका काकूंचं वजनाचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते, वजन तीस किलोंनी उतरलं होतं. त्या आनंदात घरी सत्यनारायण घातला. पूजा झाली, आरती झाली, प्रसाद हातात आला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, म्हणून काकूंनी द्रोणातला शिरा संपवला. वीस मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला, छातीत धडधडायला लागलं, पोटात कळ आली. पाहुण्यांना तसंच सोडून त्या आतल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या, मग दोनदा संडासला पळाल्या. संध्याकाळी मला फोन आला, "मॅडम, आतला टाका सुटला की काय?"

टाका जागच्या जागी होता. प्रसादाच्या शिऱ्याचं माप आठवा : रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. जितका रवा तितकीच साखर. तुमच्या-माझ्या पोटाला हा द्रोण म्हणजे काहीच नाही. बायपास झालेल्या पोटाला तो पुरून उरतो.

मी आहारतज्ज्ञ आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत वजनाचं ऑपरेशन झालेले बरेच असतात. कुणाचा बायपास, कुणाचा मिनी बायपास, कुणाचं स्लीव्ह. दवाखान्यातून निघताना प्रत्येकाच्या हातात एक कागद असतो आणि त्यावर 'कार्ब्ज कमी करा', म्हणजे कर्बोदकं कमी करा, असं लिहिलेलं असतं. ते वाचून माणसं इमानेइतबारे भाकरी सोडतात आणि चहाबरोबर मारी बिस्किटं खात राहतात. भाकरी ताटात दिसते, बिस्किट कुणी मोजत नाही. मग महिन्याभराने तक्रार येते की कार्ब्ज बंद करूनही पोट फुगतं, मुरडा येतो, जेवलं की गळून जायला होतं.

म्हणून 'कमी करा' याआधी काय कमी करायचं आणि का, हे नीट समजून घेऊ.

राखणदार गेल्यावर

जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते. डॉक्टर तिला पायलोरस म्हणतात, मी राखणदार म्हणते. जठर घास घुसळतं आणि ही झडप तो थोडा थोडा करून लहान आतड्यात सोडते. बायपासमध्ये जठराचा वरचा, साधारण 30 मिलिलिटर मावेल एवढा भाग वेगळा करून त्याला लहान आतडं थेट जोडतात. अन्नाची वाटच बदलते, राखणदार बाजूला राहतो. स्लीव्हमध्ये झडप शाबूत असते, पण जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढलेला असतो. उरलेली केळ्याच्या आकाराची नळी फारशी ताणली जात नाही, त्यामुळे तीही पुष्कळांची लवकर रिकामी होते. काकूंना झालं त्या त्रासाला डम्पिंग म्हणतात. 'माझं तर स्लीव्ह आहे, मला डम्पिंग होणार नाही' असं म्हणणारे म्हणून फसतात. प्रमाण कमी असतं, पण होतं.

आता गोड, पातळ, बारीक दळलेलं काही खाल्लं की ते आतड्यात एकदम उतरतं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसंच. साखरेचा हा दाट लोंढा आजूबाजूच्या रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतो. आतडं फुगतं, कळा येतात, जुलाब होतात. तिकडे रक्तातलं पाणी अचानक कमी झाल्यामुळे, आणि त्याच वेळी आतड्यातून काही संप्रेरकं सुटल्यामुळे, घाम, धडधड, गरगर सुरू होते. हे सगळं जेवणानंतर दहा मिनिटांपासून तासाभरात होतं. याला लवकरचं डम्पिंग म्हणतात.

उशिराचं डम्पिंग वेगळं आणि जास्त फसवं. जेवल्यावर एक ते तीन तासांनी ते येतं. साखर रक्तात झपाट्याने चढते, शरीर घाबरून गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर धाडकन खाली येते. हात थरथरतात, घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, काही सुचत नाही, आणि जबरदस्त भूक लागते. त्या भुकेत माणूस पुन्हा गोड खातो, आणि चक्र फिरत राहतं. हा प्रकार बहुधा ऑपरेशननंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, म्हणून त्याचा संबंध ऑपरेशनशी आहे हे लक्षातच येत नाही. 'दुपारी चारला मला बीपीचा त्रास होतो' असं सांगणाऱ्या एका शिक्षिकेचं बीपी मोजलं तर उत्तम होतं. तिच्या डब्यात अडीच वर्षं रोज दुपारी दीडला फोडणीचा भात होता.

'डम्पिंग' हा शब्द वजनाच्या ऑपरेशनांपेक्षा जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्सरसाठी जठराचं ऑपरेशन करत, तेव्हाच्या रुग्णांमध्ये डॉक्टरांनी हा त्रास पाहिला होता. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये स्थूलतेसाठी बायपास सुरू केला, त्याच्या कितीतरी आधी. काही जण तर डम्पिंगला चांगला पहारेकरी मानतात : गोड खाल्लं की शिक्षा, मग माणूस गोड सोडतो. मला हे मुळीच पटत नाही. शिक्षेने माणसं शिरा सोडतात आणि लगेच शिक्षा न देणाऱ्या खारी-टोस्टवर जातात. वजन तिथूनच परत चढतं.

कुठले कार्ब्ज?

पहिला नंबर पातळ गोडाचा. साखरेचा चहा, उसाचा रस, आमरस, सरबतं, पॅकेटमधले ज्यूस. चावायचं काही नाही, थांबायचं कुठे नाही, सरळ आतड्यात. उसाच्या रसाच्या एका ग्लासात 25 ते 30 ग्रॅम साखर सहज असते. आणि 'अशक्तपणा आलाय' म्हणून घरच्यांनी पाण्यात कालवून दिलेली ग्लुकोजची पावडर तर डम्पिंगला आवतणच आहे. ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे द्रव आहाराचे असतात, तेव्हा ही चूक सर्रास होते. पातळ म्हणजे हलकं असा आपला समज. त्या दिवसांत पाणी, ताक, निवळ सूप, डाळीचा कट, डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर, हे सगळं घोट घोट घ्यायचं.

गुळाविषयी एकदाच आणि स्पष्ट सांगते. गूळ साखरच आहे. मध साखरच आहे. खजूर, काकवी, 'ऑरगॅनिक' असं छापलेली तपकिरी साखर, सगळ्या एकाच घरातल्या. रक्तदाबाच्या, लोहाच्या, कफाच्या नावाने त्यांचं कितीही कौतुक असलं तरी आतड्याला त्यातला फरक कळत नाही. माझ्याकडचे निम्मे वाद गुळावरून होतात.

दुसरा नंबर बारीक दळलेल्या आणि तोंडात विरघळणाऱ्या पदार्थांचा : बिस्किटं, खारी, टोस्ट, कुरमुऱ्यांचा चिवडा, वेफर्स. हे छोट्या पोटात थांबत नाहीत, चघळता चघळता लगदा होऊन खाली सरकतात. त्यामुळे 'मला दोन घासांवर जातच नाही' म्हणणारी व्यक्ती चिवड्याची पूर्ण वाटी संपवू शकते. नाचणी सत्त्वही इथेच येतं. नाचणी चांगली, पण सत्त्व काढलं की चोथा गेला आणि पिठूळ पाणी उरलं. तीच नाचणी भाकरीत ठीक.

साबुदाण्याला वेगळी ओळ द्यायलाच हवी. 100 ग्रॅम साबुदाण्यात 85 ग्रॅमहून जास्त पिष्ट आणि प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीतला कूट काय तो कामाचा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ऑपरेशन झालेल्या माणसाने देवघरात लावून ठेवावी. उपवास करायचाच असेल तर दही, पनीर, शेंगदाण्याची बिनगुळाची आमटी, काकडीची कोशिंबीर यांवर दिवस काढता येतो. साबुदाण्याऐवजी वरीचा भात खाल्ला म्हणून बिघडत नाही असं समजू नका, तोही भातच. आणि उपवासात मध्ये बराच वेळ पोट रिकामं राहतं, ही स्वतंत्र अडचण आहे. ज्यांना उशिराचं डम्पिंग होतं त्यांनी उपवास करू नये असं मी सांगते. सासूबाई रागावल्या तर त्यांना माझ्याकडे पाठवा. दोन जणी खरंच आल्या, त्यांतल्या एकीने परत जाताना स्वतःच्या गुडघ्यांसाठी आहार लिहून नेला.

पोळी, भाकरी, भात हे तिसऱ्या नंबरवर. इथे मी बंदी घालत नाही, जागा बदलते.

ताटाची वाढणी

आपलं ताट वाढायची रीत आहे. वर मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद, वरण आणि तूप. नैवेद्याचं ताट असंच वाढतात. जेवण सुरू करतो मात्र मधून, वरणभाताने. पोटात हात-दोन हात जागा होती तेव्हा हे शोभलं. आता जेमतेम वाटीभर जागा आहे, आणि पहिल्या चार घासांत जे जाईल तेच आजचं जेवण.

माझा सगळा सल्ला एका वाक्यात मावतो : ताट तसंच वाढा, पण उजव्या बाजूने सुरू करा. आधी उसळ, अंडं, मासा, चिकन, पनीर, सोयाबीन. मग भाजी आणि कोशिंबीर. मधली मूद सर्वांत शेवटी, आणि तेवढ्यात पोट भरलं तर ती तशीच राहू द्या. आई म्हणायची ताटात अन्न टाकू नये. म्हणून मूद आधीच लिंबाएवढी वाढा.

यात नुसता क्रम बदलतो असं वाटेल. पण प्रथिनं आणि चोथा आधी गेले की मागून येणारं पिष्ट हळू शोषलं जातं, साखर उसळी घेत नाही, आणि पोट अशा गोष्टींनी भरतं ज्या तिथे टिकतात. पोळी नुसती खाल्लेली आणि पोळी उसळीनंतर खाल्लेली, या दोन पोळ्या शरीराला वेगळ्या असतात.

माप किती? डम्पिंगचा त्रास असणाऱ्यांना मी एका जेवणात 30 ग्रॅमच्या आत कर्बोदकं ठेवायला सांगते, त्रास जास्त असेल तर सुरुवातीला 15 ते 20. वजनकाटा घेऊन बसू नका. मध्यम पोळीत 15 ते 20 ग्रॅम असतात, शिजलेल्या भाताच्या छोट्या वाटीत साधारण 30, चहाच्या चमचाभर साखरेत 5. म्हणजे अर्धी पोळी आणि अर्धी वाटी उसळ मावते. पोळी, भात आणि वर दोन चमचे साखरेचा चहा मावत नाही. उसळीतही कर्बोदकं आहेत हे खरं, पण ती प्रथिनं आणि चोथ्यासोबत येतात, म्हणून तिला मी झुकतं माप देते.

पोळीचं आणखी एक दुखणं आहे, ते कार्ब्जचं नाही. मऊसूत गव्हाची पोळी नीट चावली नाही तर कणकेचा गोळा होऊन अडकते. छातीत दडपण येतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि शेवटी तो घास उलटून पडतो. पाव याहून वाईट. ज्वारीची भाकरी, त्यातही खरपूस पापुद्रा, बऱ्याच जणांना जास्त सोसतो. भाताची शितंही काहींना अडकतात, काहींना नाही. ज्याचं त्याने पाहावं.

जेवायला वीस ते तीस मिनिटं लागली पाहिजेत. घास करंगळीच्या नखाएवढा. आणि जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास तरी नाही. पाण्याने अन्न खाली वाहून जातं, मग घेतलेली सगळी काळजी फुकट. आमटी-भात कालवून खाण्याची सवय याच कारणाने सोडावी लागते, आणि कोकणातल्या माणसाला ही सर्वांत मोठी शिक्षा वाटते. आमटीचं पाणी वेगळं पिऊ नका, त्यातली घट्ट डाळ घ्या. दिवसभराचं पाणी मात्र दीड लिटरच्या खाली जाऊ देऊ नका. जेवणांच्या मध्ये घोट घोट.

शून्यावर जाऊ नका

कार्ब्ज कमी केले आणि पोट शांत झालं की काहींना चेव येतो. सगळंच बंद. इंटरनेटवर बघून किटो. तूप, लोणी, चीजचे तुकडे. बायपासनंतर, विशेषतः मिनी बायपासनंतर, चरबी शोषायची आतड्याची ताकद कमी झालेली असते. जास्त तूप-तेल गेलं की मळ तेलकट, दुर्गंधीचा, पाण्यावर तरंगणारा होतो, जुलाब होतात, आणि अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं त्यासोबत निघून जातात. एका त्रासातून सुटायला दुसरा ओढवून घेतल्यासारखं.

कार्ब्ज जितके काढाल तितकी जागा प्रथिनांनी भरा. दिवसाला किमान 60 ग्रॅम हे सर्वसाधारण लक्ष्य. तुमचं नेमकं लक्ष्य डॉक्टर सांगतील. एका अंड्यात 6 ग्रॅम, 50 ग्रॅम पनीरमध्ये 9, कोरड्या 25 ग्रॅम सोया चंक्समध्ये 13. मासे-चिकन खाणाऱ्यांना सोपं जातं. बांगड्याचा किंवा सुरमईचा एक बेताचा तुकडा 15 ग्रॅमच्या आसपास देतो. शुद्ध शाकाहारी माणसाला खरी कसरत असते. वरण म्हणजे प्रथिनं, असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम तीन-चार ग्रॅम. शाकाहारी आणि अंडंही न खाणाऱ्यांना मी पहिलं वर्षभर तरी व्हे प्रोटीनची पावडर सोडू देत नाही. घेताना पाकिटाच्या मागची साखर वाचा. काही पावडरींत साखरच बरीच असते.

बद्धकोष्ठ होईल. पोळी-भात कमी झाला, पाणी कमी झालं की होतंच. शिजवलेल्या भाज्या वाढवा : दुधी, पडवळ, घोसाळं, गवार, पालेभाजी. इसबगोल उपयोगी पडतं, पण ते पाणी शोषून फुगतं आणि अपुऱ्या पाण्यासोबत घेतलं तर अडकतं. म्हणून सुरुवात डॉक्टरांना विचारून करा, पहिल्या काही महिन्यांत स्वतःहून नको.

आणि मधुमेहाची औषधं चालू असतील तर कार्ब्ज कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. आधी, नंतर नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तशीच चालू ठेवून भात-पोळी काढली तर साखर घसरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांबरोबर फार कमी कर्बोदकं खाल्ली तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्यामुळे ते ओळखू येत नाही. यात जिवाला धोका असतो.

गोड सोडूनही पोट फुगतं तेव्हा

तीन संशयित मी नेहमी तपासते.

दूध. बायपासनंतर कित्येकांना दूध सोसेनासं होतं. दुधातली साखर पचवणारं विकर लहान आतड्याच्या वरच्या भागात जास्त असतं आणि आता अन्न त्या भागाला वळसा घालून, शिवाय घाईने जातं. दोन आठवडे दूध, खवा, पातळ खीर बंद करून पाहा. दही, ताक, पनीर बहुधा चालतं.

शुगर-फ्री मिठाई आणि च्युइंगगम. यात माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असतं. ते आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, पाणी धरतं, आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्याचा गॅस करतात. 'डायबेटिक' मोतीचूर खाऊन रात्रभर जागे राहिलेले लोक मला दर दिवाळीत भेटतात. डब्यावर शुगर-फ्री लिहिलंय, म्हणून तीन खाल्ले, हे त्यांचं समर्थन ठरलेलं.

तिसरा, कांदा-लसूण आणि कडधान्यं. त्यांतली काही कर्बोदकं माणसाच्या आतड्याला पचतच नाहीत, जंतूंना पचतात. मी उसळ खा म्हणते आणि उसळीने गॅस धरतो, हा पेच आहे खरा. वाट अशी : कडधान्य रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, मोड आणा, मऊ शिजवा, हिंग-जिरं घाला, आणि दोन चमच्यांपासून सुरुवात करा. मोड आल्यावर गॅस करणारी साखर कमी होते. मूग-मटकी आधी, वाल, चवळी, छोले नंतर कधीतरी. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने अशा कर्बोदकांना एकत्र करून 'फॉडमॅप' असं नाव दिलं आहे आणि ती टाळण्याचा आहार प्रसिद्ध आहे. पण तो काही आठवड्यांची चाचणी म्हणून, जाणकाराच्या देखरेखीखाली करायचा असतो. आधीच आक्रसलेल्या जेवणातून कांदा, गहू, डाळी, फळं एकदम काढली तर खायला उरतं काय?

एका वेळी एकच गोष्ट बंद करा. वहीत चार रकाने आखा : काय खाल्लं, किती वाजता, काय झालं, किती मिनिटांनी. 'किती मिनिटांनी' हा रकाना सर्वांत बोलका. वीस मिनिटांनी त्रास म्हणजे लवकरचं डम्पिंग, दोन तासांनी म्हणजे साखर घसरली, रात्रभर फुगलं म्हणजे गॅस. दोन आठवड्यांची वही घेऊन आलात तर माझं निम्मं काम झालेलं असतं.

उशिराच्या प्रकारात घरात ग्लुकोमीटर हवाच. लक्षणं आली की आधी मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज, साधारण 15 ग्रॅम, तेवढंच. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सावरलं की लगेच मूठभर शेंगदाणे, पनीर किंवा अंडं. घाबरून अर्धी पुडी ग्लुकोज प्यायलात तर दोन तासांनी पुन्हा तेच. त्या अवस्थेत स्कूटरला हात लावायचा नाही. आणि माणूस असंबद्ध बोलत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. जेवणं बदलूनही आकडे घसरत राहिले तर त्यावर औषधं आहेत, ती डॉक्टर देतील.

बायकांसाठी एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी सांगितली जाते. गरोदरपणात मधुमेह तपासायला 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात. बायपास झालेल्या बाईला ते पाणी म्हणजे ठरवून दिलेलं डम्पिंग. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना ऑपरेशनविषयी आधीच सांगा. त्याऐवजी काही दिवस घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर मोजून तपासणी करता येते.

हे कार्ब्जचं नव्हे

लेख वाचून कुणी प्रत्येक पोटदुखी भातावर ढकलू नये. बायपास झालेल्याच्या पोटात अचानक, पिळवटून टाकणारी कळ आली, थांबेना, उलट्या होऊ लागल्या, तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. त्यासाठी रात्री दोन वाजतासुद्धा निघायचं, आणि शक्यतो बेरियाट्रिक सर्जन असेल तिथे. उजव्या बरगडीखाली, पाठीकडे जाणारं दुखणं पित्ताशयातल्या खड्यांचं असू शकतं. झपाट्याने वजन उतरताना खडे होतात. काळा मळ, जळजळणारं दुखणं ही अल्सरची खूण, आणि अंगदुखीवर मनाने घेतलेल्या पेनकिलर नि तंबाखू-सिगारेट हे त्याला कारण ठरतात. उलट्या काही दिवस चालूच राहिल्या तर बी-1 जीवनसत्त्व संपत जातं. तोल जाणं, दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, हे दिसलं की तातडीने ते शिरेतून द्यावं लागतं. अशा वेळी आधी ग्लुकोजची बाटली लावली तर नुकसान होऊ शकतं, म्हणून गावाकडच्या दवाखान्यात गेलात तरी ऑपरेशनचा कागद सोबत ठेवा आणि तो पहिल्यांदा दाखवा. रोजच्या जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या तर जन्मभर आहेतच. त्यांना सुट्टी नाही.

शिरावाल्या काकूंचं पुढे काय झालं? पुढच्या श्रावणात पुन्हा पूजा घातली. आधी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पनीरचे चार तुकडे खाल्ले, मग आरती, मग प्रसाद चमच्याच्या टोकावर घेतला आणि उरलेला द्रोण नातवाला दिला. काही झालं नाही. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. "मॅडम, भाजणीची चकली उजव्या बाजूला येते की डाव्या?" भाजणीत हरभरा डाळ आणि उडीद असतात, तेव्हा त्यांचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. पण तांदूळही असतो आणि ती तळतात. मी सांगितलं, अंडं खाऊन झाल्यावर अर्धी, पंचवीस वेळा चावून, आणि वर चहा नाही.

"अर्धी म्हणजे किती वेढ्यांची?" त्या म्हणाल्या.